ग्रामपंचायतीच्या उमेदवाराला कायदा अर्जापूर्वी कळावा : राज्य निवडणूक आयुक्तांना खुले पत्र

मा. राज्य निवडणूक आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

यांस सविनय नमस्कार.

ग्रामपंचायत निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला की थकबाकी नसल्याचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, जात पडताळणीची पोच, शपथपत्र असे कागद कसे जमवायचे, हे उमेदवाराला गावात कोणीतरी सांगतेच. मात्र त्या कागदांमागील कायदा काय आहे आणि निवडून आल्यानंतरही तो कोणत्या कारणाने पद काढून घेऊ शकतो, हे अधिकृतपणे समजावून सांगणारे कोणी त्याला भेटत नाही. आयोगाचे आदेश व परिपत्रके संकेतस्थळावर असतात, परंतु ती निवडणूक यंत्रणेतील अधिकाऱ्यांसाठी लिहिलेली असतात.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १४ वरवर सोपे वाटते. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा अधिक झाल्यास अपात्रता येते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. कराच्या थकबाकीचे तसे नाही. रीतसर बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर न भरल्यास सदस्य अपात्र ठरतो आणि एकत्र कुटुंबातील एकाची थकबाकी इतरांनाही भोवते. पण बिल खरोखर बजावले गेले होते का, हा बचावाचा मुद्दा असतो हे त्याला वकिलाकडे गेल्यावरच कळते. अतिक्रमणाची तरतूद याहून कठीण आहे. शासकीय जागेवर कुटुंबातील व्यक्तीने केलेल्या अतिक्रमणाचा सदस्य स्वतः उपभोग घेत असेल, तरीही तो अपात्र ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. लग्न होऊन सासरच्या घरी राहायला आलेल्या आणि त्या घराखालील जागेचा उतारा कधी हातातही न घेतलेल्या उमेदवार महिलेला हे अर्ज भरण्यापूर्वी कोणी सांगायचे? २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातील एका महिला सरपंचांना पदावरून दूर करण्याचा आदेश रद्द करताना, लोकप्रतिनिधीला, त्यातही ग्रामीण भागातील महिलेला, हटविण्याचा विषय हलक्याने घेता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने बजावले. न्याय मिळाला खरा, पण त्यासाठी दिल्लीपर्यंत जाणे किती सरपंचांना परवडेल?

पराभूत उमेदवारांकडे तर कोणाचेच लक्ष नसते. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब सादर न केल्यास कलम १४ब अन्वये पाच वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. हरलेल्याने, किंबहुना काहीच खर्च न केलेल्यानेही, हिशेब द्यायचा असतो. हरल्यावर विषय संपला असे समजून घरी बसलेल्या माणसाची पुढची निवडणूक अशा रीतीने हातची जाते, ही मला सर्वांत अन्यायकारक गोष्ट वाटते.

माझी विनंती अशी की, आयोगाने महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरणाशी बोलून, निवडणूक कार्यक्रम जाहीर झाल्यापासून छाननीपर्यंत प्रत्येक तालुक्यात उमेदवारांसाठी विनामूल्य सल्ल्याची सोय करावी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती मोफत विधी सेवेस पात्र आहेत, आणि त्या सेवेत कायदेशीर सल्लाही येतो. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असलेल्या निवडणुकीत याचा अर्थ फार मोठा आहे. नवा कायदा करण्याची गरजही नाही. सोबत, अपात्रतेची कारणे आणि खर्चाच्या हिशेबाची मुदत सोप्या मराठीत सांगणारी पुस्तिका नामनिर्देशन पत्राबरोबरच हाती द्यावी, आणि निकालाच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी प्रत्येक उमेदवाराला, हरलेल्यालासुद्धा, हिशेबाची अंतिम तारीख लेखी कळवून त्याची पोच घ्यावी.

पुढील ग्रामपंचायत निवडणुकांचे आदेश निघतील, त्यातच या गोष्टींचा समावेश व्हावा, अशी अपेक्षा आहे.

आपला,
ग्रामीण महाराष्ट्रातील एक मतदार