रविवारची अदलाबदल : जुनी विनोदी कॉमिक्स आणताना

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी १० ते १ मडगावच्या नेहमीच्या जागी अदलाबदल आहे. 'चाचा चौधरी', १९८० पासूनचे 'टिंकल', जे असेल ते आणा. प्रत्येकी १५ अंकच, म्हणजे नीट पाहायला वेळ मिळेल.

पावसाळ्यात आपल्याकडे सगळ्यात आधी जातात त्या पिना. गंजाचा तांबूस डाग मधल्या पानांत उतरला, की तिथला कागद ठिसूळ होतो आणि जोडपान सुटतं. अशी पीन मुखपृष्ठाकडून ओढू नका. अंक मधोमध उघडा, बोथट सुरीनं पिनेचे पाय आतून सरळ करा, मग बाहेरून अलगद काढा. त्याच भोकांतून सुती दोरा ओवा. सेलोटेप मुळीच नको, त्याचा डिंक पिवळा पडून चित्रात मुरतो.

- बुरशीचा वास येणारा अंक वेगळ्या पिशवीत आणा, इतरांत मिसळू नका.
- कसर लागली असेल तर आधी सांगा.
- पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या हव्यात. पीव्हीसी कालांतरानं चिकट होते.

कोडी पेन्सिलीनं सोडवलेली असली तर खोडू नका, जुना कागद खरवडला जातो. कुणा पोरानं तिसरीत गिरवलेलं नाव तर राहूच द्या, ते अंकाचंच आहे. कापलेलं कूपन किंवा गळालेलं पान मात्र आधीच सांगायचं. पुनर्मुद्रण मूळ म्हणून देऊ नये, छपाईची ओळ आणि किंमत दोघांनी मिळून तपासावी.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर यादी टाका.