निकाल माहीत नसताना

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मत देऊन होतं काय गं? द्यायचं एकाला, जातं भलत्याकडेच." मला ते खोडता आलं नाही. निवडून दिलेले पक्ष फुटतात, चिन्ह एकाकडे आणि कार्यकर्ते दुसरीकडे, सकाळी पत्रकार परिषदा आणि रात्री चॅनेलवर आरडाओरडा. हे बघून तुझ्या वयाच्या पोरीचं मन विटलं तर त्यात नवल नाही. पण नंतर तू म्हणालीस, "मी आता काही वाचतच नाही, सगळं बंद करून टाकलंय," ते मला लागलं. फोनवर एवढं सगळं बोलून होत नाही, म्हणून लिहिते.

बातम्या बंद केल्यास तर माझी हरकत नाही. दर पाच मिनिटांनी मोबाइल वाजत राहिला की जीव नुसता टांगणीला लागतो, कळत काहीच नाही. पुस्तकं मात्र बंद करू नकोस.

सध्या माझ्या उशाशी मौलाना आझादांची पत्रं आहेत, 'गुबार-ए-खातिर'. मूळ उर्दू. माझ्याकडची प्रत देवनागरीत छापलेली आहे, तिच्यातल्या शब्दार्थांचा आधार घेत सावकाश वाचते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीतल्या मंडळींना पकडून अहमदनगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरू, पटेल, आचार्य नरेंद्र देव आणि तेव्हाचे काँग्रेसचे अध्यक्ष आझाद. नगरला आत्याकडे जाताना तू त्या किल्ल्यावरून कितीदा गेली असशील! आझादांनी तिथे एका मित्राला पत्रं लिहिली. ती धाडायची सोयच नव्हती. पोचणार नाहीत हे ठाऊक असून लिहीत राहिले.

आणि लिहिलं काय? भल्या पहाटे उठून स्वतःच्या हातानं केलेल्या चहाबद्दल. बिनदुधाचा चिनी चहा, आणि त्यात दूध घालून तो नासवणाऱ्यांवर पानभर राग. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांबद्दलही लिहिलंय: आधी त्यांना हुसकायची लढाई, मग हार मानून दाणे टाकणं, मग हळूहळू जमलेली मैत्री. वाचताना हसू येतं, आणि हा माणूस कैदेत आहे हे विसरायला होतं. मग एप्रिल १९४३ चं पत्र येतं. कलकत्त्यात त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम आजारी होत्या. सरकारला काही कळवायचं असेल तर कळवतो, असं तुरुंगाधिकाऱ्यानं सुचवलं. सरकारकडे काही मागायचं नाही, यावर आझाद ठाम राहिले. बेगम गेल्या. त्या पत्रात आक्रोश नाही. रोजचा दिनक्रम चुकू द्यायचा नाही म्हणून आपण किती धडपडलो, आणि आतून कसे पोखरले गेलो, तेवढं लिहिलंय. ते मी एका बैठकीत वाचू शकले नाही.

मुक्ता, किल्ल्यातल्या त्या माणसांपैकी एकालाही १९४७ हा आकडा माहीत नव्हता. बाहेर महायुद्ध चाललेलं, बंगालात दुष्काळानं माणसं मरत होती, चळवळ दडपलेली. आपण पुस्तक हातात घेतो तेव्हा पुढचं सगळं आपल्याला ठाऊक असतं, म्हणून तो काळ सोपा वाटतो. त्यांचे दिवस मात्र तुझ्या आजच्या दिवसांसारखेच होते, पुढचं काही न दिसणारे. आणि स्वातंत्र्य आलं ते फाळणी घेऊन, जिला आझादांचा विरोध होता. तेव्हा शेवट गोडच होतो, असं मी तुला सांगत नाहीये. पुढचं दिसत नसतानाही नीट जगलेल्या माणसांची संगत पुस्तकात मिळते, एवढंच माझं म्हणणं आहे. मला उमेद मिळते ती तिथून.

आणीबाणी लागली तेव्हा मी चौथीत होते. आठवतात त्या भिंतींवरच्या घोषणा आणि मोठ्यांचं हळू आवाजातलं बोलणं. बाकी सगळं नंतर वाचून कळलं. आपल्या वाचनालयात जुन्या दैनिकांच्या फायली बांधून ठेवल्या आहेत. त्या सालच्या मी एकदा चाळल्या. बाजारभाव, सिनेमाच्या जाहिराती, वीस कलमी कार्यक्रम; आत टाकलेल्या माणसांबद्दल अक्षर नाही. २५ जून १९७५ नंतर सेन्सॉर बसला होता ना! आणि त्याच वर्षी डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्रीच व्यासपीठावर. इंदिरा गांधींच्या सरकारविरुद्धच्या आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण तेव्हा मूत्रपिंडाच्या विकारानं अत्यवस्थ होते. दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरून त्यांना आराम पडावा म्हणून सगळ्यांना प्रार्थना करायला सांगितलं. ऋतू, फुलं, लोककथा, जातककथा यांत रमणारी ही बाई. राजकारण हा तिचा प्रांतच नव्हे. पुढे त्यांना अटक झाली, तीही मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातून, वाचायच्या जागेवरून. कऱ्हाडला उभ्या राहिल्या तेव्हा मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठेल हे त्यांना कुठे माहीत होतं?

न्यायमूर्ती खन्नांचं तर याहून लांबलं. एप्रिल १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाचांपैकी चौघांनी सांगितलं की आणीबाणीत स्थानबद्धाला कोर्टाची दाद मागता येणार नाही. एकट्या खन्नांनी वेगळा निकाल लिहिला, आणि पुढे सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला दिलं गेलं. चौघांचा तो निकाल सुप्रीम कोर्टानं स्वतःच मोडीत काढला २०१७ साली. खन्ना तोवर हयात नव्हते.

वाचताना मन दुखावणाऱ्या गोष्टीही भेटतात. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दिलेली आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेली गीता प्रवचनं मी अजून उघडते. त्याच विनोबांचा 'अनुशासन पर्व', म्हणजे शिस्तीचा काळ, हा शब्द आणीबाणीच्या प्रचाराला वापरला गेला. त्यांच्या मनात वेगळं होतं असं सांगणारे आहेत, मी तेही वाचलं, तरी तो शब्द मला सलतोच. पण म्हणून प्रवचनं माळ्यावर टाकली नाहीत. एकाच माणसाबद्दल आदर आणि नाराजी दोन्ही मनात ठेवता येतात, हे मी वाचूनच शिकले. आजच्या राजकारणाकडे बघताना तुला ते उपयोगी पडेल. घरच्या ग्रुपवर काकाशी भांडतेस तेव्हाही.

एक कर. रोज झोपण्याआधी मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव आणि चार पानं वाच, जास्त नकोत. कुणाच्या बाजूचं पुस्तक आहे हे बघत बसू नकोस. ज्यांचं पटत नाही त्यांचंही वाच. आणि तुझ्या घराजवळच्या वाचनालयात नाव घाल, तिथे संध्याकाळी येणाऱ्या वयस्कर मंडळींशी बोल. त्यांतल्या कुणीतरी आणीबाणीतले एकोणीस महिने तुरुंगात काढले असतील, कुणी तेव्हा सरकारच्या बाजूनेही असेल. दोघांचं ऐकून घे.

आझादांच्या पुस्तकाची एक प्रत तुझ्यासाठी मागवली आहे, शनिवारपर्यंत कुरिअर येईल. पहिल्या पानापासून वाचायचा हट्ट धरू नकोस, चिमण्यांच्या पत्रापासून सुरुवात कर. एप्रिलचं पत्र मात्र एकटीनं वाचू नकोस. रात्री फोन कर, मिळून वाचू.

तुझी,
आई