जन्मसाल शाळेचं धरायचं की आईचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांकडून जन्मसालातली आवडती पाच गाणी मागवली होती. छापून आलेल्या याद्या वाचल्या. त्यातल्या 1971 आणि 1972 च्या याद्या जरा जास्त निरखून पाहिल्या, कारण माझा जन्म या दोहोंपैकी एका सालातला. नक्की कुठल्या, यावर आमच्या घरात एकमत नाही.

मी आटपाडी तालुक्यातला. एका हायस्कुलात क्लार्क आहे. जनरल रजिस्टर, म्हणजे पोरांच्या नावांची आणि जन्मतारखांची नोंदवही, माझ्याच कपाटात असतं, त्यामुळे जन्मतारखांचं गौडबंगाल मला चांगलं ठाऊक आहे. आमच्या वेळी बाप पोराला हाताला धरून शाळेत न्यायचा. गुरुजी म्हणायचे, उजवा हात डोक्यावरनं घेऊन डावा कान धर. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. मग तिथून सहा वर्षं मागं मोजायची आणि लिहायचं 1 जून. जुनी रजिस्टरं उघडली तर पानंच्या पानं 1 जूननं भरलेली दिसतात. सरकारी कचेऱ्यांतून 31 मे ला निरोपसमारंभांची एवढी गर्दी का असते, त्याचं मूळ तिथं आहे. माझ्या दाखल्यावर 1 जून 1971 आहे. आई म्हणते, "गुरुजीला काय म्हाईत? मिलोच्या साली झालास तू." मिलो म्हणजे दुष्काळात रेशनवर आलेली अमेरिकेची तांबडी ज्वारी, हे जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या वाचकांना सांगायला नको. तिच्या हिशेबानं साल 1972. मी अंगानं थोराड होतो, कान लवकर लागला असेल.

हे सगळं सांगायचं कारण, गाण्यांच्या सालांचंही असंच आहे. याद्या बघितल्या तर जो तो सिनेमा कधी लागला ते साल धरतो. 1972 च्या प्रत्येक यादीत 'पाकीजा' आहे, आणि असायलाच हवा. पण त्या गाण्यांचे संगीतकार गुलाम मोहम्मद 1968 सालीच वारले होते. सिनेमा कैक वर्षं रखडला, बाकीचं संगीत नौशादांनी पुरं केलं, आणि 1972 च्या फेब्रुवारीत तो एकदाचा पडद्यावर आला. पुढच्याच महिन्यात मीनाकुमारी गेली. मग 'चलते चलते' कुठल्या सालचं म्हणायचं? ज्यानं चाल बांधली त्याला तर ते साल बघायलाच मिळालं नाही. 1972 हा त्या गाण्याचा 1 जून आहे, दुसरं काही नाही.

भावगीतांची तर याहून पंचाईत. ती कुठल्या सिनेमात नाहीत, त्यामुळे अमुक भावगीत कोणत्या साली ध्वनिमुद्रित झालं हे सहसा कुणाला सांगता येत नाही. ज्याला साल नाही त्याला यादीत जागा नाही. आमच्या पिढीनं सकाळी रेडिओवर जी गाणी ऐकली, त्यातली निम्मी अशीच बाद होतात. सांगली आकाशवाणी 1963 पासून आहे. तिथल्या जुन्या जाणत्या माणसांकडून आपण अशा गाण्यांची सालं लावून घेतलीत तर पुरवणीचं सोनं होईल.

आता माझी खरी तक्रार. 1971 आणि 1972 च्या याद्यांत मराठी गाणं एकही नाही. 'दम मारो दम' आहे, 'पिया तू अब तो आजा' आहे, 'कहीं दूर जब दिन ढल जाए' आहे, 'चिंगारी कोई भडके' आहे. सगळी उत्तम. पण 1971 ला 'सोंगाड्या' आला आणि 1972 ला 'पिंजरा', आणि या दोन्ही सिनेमांचे संगीतकार राम कदम, आपल्या मिरजेचे! बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवणारा हा माणूस. शाळेचं साल धरा की आईचं, माझ्या वाट्याला राम कदम येतातच. आणि सांगली-मिरजेत खपणाऱ्या पुरवणीत त्यांचं नाव नसावं?

'पिंजरा' मी पाहिला तो पुष्कळ वर्षांनी, खरसुंडीच्या यात्रेत, तंबूत. तंबूत पडद्याच्या दोन्ही अंगांनी माणसं बसायची. आम्ही पोरं मागच्या अंगाला, म्हणजे नीळू फुले डावखुरे आणि सगळी अक्षरं उलटी. संगीत कुणाचं, गाणी कुणाची, काही वाचता येईना. गाणी मात्र उलटी ऐकू येत नाहीत. 'छबीदार छबी' सुरू झालं की माझ्याशेजारचा एक म्हातारा, बहुतेक मेंढका असावा, काठी आपटून ताल धरायचा आणि ढोलकी थांबली की बरोबर थांबायचा. त्याचं चुकलेलं मला एकदाही आठवत नाही. ढोलकी कशी वाजते हे त्याला शिकवायची गरजच नव्हती, लावण्यांचे शाहीर पठ्ठे बापूराव आपल्याच जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे. उषा मंगेशकरांचा तो आवाज पुढं गावातल्या प्रत्येक लग्नात कर्ण्यावरनं ऐकला. माझ्या लेखी 'पिंजरा'चं साल ते तंबूचं साल, यादीत काही का असेना.

'पिंजरा'ची गाणी जगदीश खेबूडकरांची. त्याच साली आलेल्या 'आम्ही जातो अमुच्या गावा'चीही त्यांचीच, चाली सुधीर फडक्यांच्या. एकाच वर्षात एकाच लेखणीतून 'छबीदार छबी' आणि 'देहाची तिजोरी'! एक फडावरचं, एक देवळातलं, आणि दोन्ही ठिकाणी शब्द परके वाटत नाहीत. खेबूडकर पेशानं शिक्षक होते. एका मास्तरानं माझं साल चुकवलं खरं, पण दुसऱ्यानं त्याची भरपाई केली म्हणायची.

आईला विचारलं, मी झालो त्या साली तू कुठलं गाणं ऐकलंस? ती म्हणाली, "कसली गाणी बाबा? खडी फोडून हात सोलवटायचं. सांजच्याला सुकडी मिळाली की झालं." (खडी फोडणं हे दुष्काळातलं सरकारी काम, आणि सुकडी म्हणजे तिथं मिळणारं खाणं. रोजगार हमीची कल्पना ज्यांची, ते वि. स. पागेही याच जिल्ह्यातले, हे जाता जाता.) मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, कामावर बाया ओव्या म्हणायच्या, मुकादम आला की बंद करायच्या. एखादी म्हणून दाखव म्हटलं तर म्हणाली, दम लागतो आता. 'देहाची तिजोरी'तलं 'उघड दार देवा' तिला फार आवडतं, पण ते तिनं ऐकलं विठ्ठलाच्या देवळावर कर्णा बसला तेव्हा, म्हणजे मी चांगला शाळेत जायला लागल्यावर.

आणखी एक. 'दम मारो दम' ज्यांनी ज्यांनी निवडलंय, त्यांच्यापैकी एकानंही आशाबाईंचा जन्म सांगलीचा असल्याचं लिहिलेलं नाही. साल 1933. त्यांना जन्मसालातली गाणी निवडायला सांगितली असती तर? मराठी बोलपट येऊन जेमतेम वर्ष झालेलं, 'अयोध्येचा राजा' 1932 चा. सिनेमाच्या याद्या उघडून त्यांच्या हाती फार काही लागलं नसतं. वडिलांची, मास्टर दीनानाथांची नाट्यपदं मात्र घरातच होती, आणि ती कुठल्या सालची हे विचारायची त्यांना गरजही पडली नसती.

तेव्हा विनंती अशी की, पुढच्या याद्या छापताना प्रत्येक गाण्याखाली गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावं द्यावीत. नुसता नायक-नायिकेचा फोटो नको. आणि पाचपैकी दोन तरी मराठी हवीत, असा नियम घालावा.

माझी पाच अशी. शाळेच्या सालातली: 'सोंगाड्या'मधलं 'माळ्याच्या मळ्यामंदी', आणि 'कहीं दूर जब दिन ढल जाए'. आईच्या सालातली: 'छबीदार छबी', 'देहाची तिजोरी', आणि 'चलते चलते'. जागा कमी पडली तर हिंदी दोन कापा, मराठी तीन तेवढी ठेवा.

आपला,
एक वाचक, आटपाडी (जि. सांगली)