सोळाव्या वर्षानंतरची कोलांटी

लॉस एंजेलिस,
२५ मे २०२५

प्रिय वैजू,

तुझा व्हॉइस मेसेज तीन वेळा ऐकला. फोन करावा असं पहिल्यांदा वाटलं होतं, पण यावर मला बरंच बोलायचंय आणि ते फोनवर नीट येणार नाही. म्हणून आज सकाळीच कागद घेऊन बसले.

तुझ्याकडे जिम्नॅस्टिक्स शिकणारी ती मुलगी दहावीला गेली, वर्षभरात चार बोटं उंच झाली, बारवर फिरताना तिचे पाय खालच्या दांडीला लागायला लागले, आणि परवा ती तुला म्हणाली, ‘मॅडम, मी आता म्हातारी झाले.’ हे सांगताना तुझा आवाज कापला, तो इथवर ऐकू आला. मला आपणच आठवलो गं. दोरीच्या मल्लखांबावरून जिम्नॅस्टिक्सकडे गेलेल्या आपण दोघी, पुण्यातली ती व्यायामशाळा, आणि दर मंगळवारचा वजनकाटा. सर आकडा मोठ्याने वाचायचे आणि सगळ्या मुली मान खाली घालून ऐकायच्या. तू चौदाव्या वर्षी सोडलंस, मी पंधराव्या. आपल्याला कुणी काढलं नव्हतं. आपलं वय झालं, असं आपल्यालाच पटलं होतं. आज पन्नाशीला टेकताना ते आठवलं की राग येतो. तेव्हा आलाच नव्हता.

तू विचारलंस, ‘सोळाव्या वर्षानंतर या खेळात मुलीला असतं तरी काय?’ उत्तर मी गेली काही वर्षं इथे डोळ्यांनी पाहतेय. घरापासून वीस मिनिटांवर यूसीएलए या इथल्या विद्यापीठाचं पॉली पॅव्हिलियन हे क्रीडागृह आहे. हिवाळ्यात तिथे मुलींच्या सामन्यांना जाते. जाताना पहिल्या वेळी मनात तेच होतं: कॉलेजच्या मुली, म्हणजे ऑलिंपिकला न पोचलेल्या. किती चुकले होते मी.

आधी तिथली रीत सांगते, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. व्हॉल्टची उडी, दोन दांड्यांचे बार, अरुंद बीम आणि फ्लोअरची मोकळी चटई ही आपलीच चार साधनं. प्रत्येकावर संघाच्या सहा मुली उतरतात आणि पाच चांगले गुण धरतात. आपल्या लहानपणीचा पैकीच्या पैकी ‘दहा’ तिथे अजून जिवंत आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधून तो २००६ मध्ये गेला, कॉलेजने सोडला नाही. राष्ट्रीय स्पर्धेत संघाच्या विजेतेपदाबरोबर प्रत्येक साधनाची आणि सर्वसाधारण, म्हणजे चारही साधनांच्या बेरजेची, अशी वैयक्तिक विजेतीही ठरते. पूर्वी त्यासाठी वेगळा दिवस असायचा. २०१६ पासून उपांत्य फेरीतलेच गुण धरतात. म्हणजे मुलगी बीमवर चढते ती संघाच्या बेरजेसाठी, आणि तिच्याच नावावर देशाचं अजिंक्यपद लागतं ते त्याच नव्वद सेकंदांतून. मला ही गोष्ट फार आवडते. ती एकटीची विजेती असते, पण खाली बाकीच्या सगळ्या हात धरून उभ्या असतात, आणि ती उतरली की पहिली मिठी त्यांची.

या एका कॉलेजच्या विजेत्यांची यादी वाचायला घेतली आणि मी रात्री दोनपर्यंत जागले. १९८० मध्ये, मुलींच्या कॉलेज स्पर्धा वेगळी संघटना भरवायची त्या काळात, शॅरन शपिरोने चारही साधनं आणि सर्वसाधारण, अशी पाचही विजेतेपदं एकाच स्पर्धेत घेतली होती. किम हॅमिल्टन या कृष्णवर्णीय मुलीने १९८७, ८८, ८९ अशी सलग तीन वर्षं फ्लोअर जिंकला. पण मी ज्या नावावर थांबले ते आपलं वाटणारं होतं. मोहिनी भारद्वाज.

वडील भारतीय, आई रशियन. मोठी झाली सिनसिनाटीत, आणि तेराव्या वर्षी घर सोडून सरावासाठी फ्लोरिडाला गेली. १९९६ च्या ऑलिंपिक संघात तिची जागा हुकली. आपल्या हिशेबाने तिथेच संपलं. ती यूसीएलएत आली. २००० मध्ये बारची राष्ट्रीय विजेती, २००१ मध्ये फ्लोअरची, आणि त्या दोन्ही वर्षी संघही अजिंक्य. मग खेळ सोडला. आणि वैजू, चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी ती परत आली! पैसे नव्हते, पिझ्झा पोचवायची कामं केली, सोडत काढून निधी जमवला. ते कळल्यावर अभिनेत्री पामेला अँडरसनने तिला वीस हजार डॉलर दिले. २००४ मध्ये अथेन्सला अमेरिकेच्या संघाची कर्णधार म्हणून गेली, वय पंचवीस, आणि संघाने रौप्य आणलं. अ‍ॅलेक्सी ग्रेवालने १९८४ मध्ये सायकलिंगचं सुवर्ण घेतलं, त्यानंतर ऑलिंपिक पदक मिळवणारी ती दुसरी भारतीय वंशाची अमेरिकन. आपल्याकडे तिचं नाव किती जणींना ठाऊक आहे? आपल्यालाही नव्हतं. दीपा कर्माकरने रिओत व्हॉल्टला चौथं स्थान घेतलं तेव्हा आपण दोघी रडलो होतो, आणि त्याच्या बारा वर्षं आधी ही मुलगी पदक गळ्यात घालून उभी होती.

तुझ्या मुलीला ही एवढी एक गोष्ट सांग, बाकी नाही सांगितलीस तरी चालेल. पण मी थांबत नाही, कारण केटलिन ओहाशीबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही.

तिचा २०१९ च्या जानेवारीतला फ्लोअरचा व्हिडिओ तूही पाहिलायस, कोट्यवधी लोकांनी पाहिला. हवेतून सरळ स्प्लिटमध्ये उतरते आणि चेंडूसारखी उसळून पुन्हा उभी राहते, चेहरा हसरा, आणि शेवटी दहा. लोकांना ते हसू दिसलं. मला तिच्या आधीची वर्षं दिसतात. २०१३ मध्ये, पंधरा वर्षांची असताना, तिने अमेरिकन कपमध्ये सिमोन बाइल्सला मागे टाकलं होतं. मग पाठ आणि खांदा गेला, आणि त्या पातळीवर ती पुन्हा उतरली नाही. त्या काळात तिच्या अंगाबद्दल, वजनाबद्दल तिला काय काय ऐकवलं गेलं ते तिने नंतर स्वतः उघड सांगितलं. ते वाचताना मला आपला मंगळवार आठवला. कॉलेजात आली तेव्हा तिला पुन्हा ‘मोठं’ व्हायचंच नव्हतं. मोठं होणं म्हणजे दुखणं, एवढंच ती शिकली होती.

तिच्या प्रशिक्षक होत्या व्हॅलरी कोंडोस फील्ड. मुली त्यांना ‘मिस व्हॅल’ म्हणायच्या. ही बाई मूळची बॅले नर्तकी, जिम्नॅस्टिक्स कधी खेळलेलीच नाही! १९९१ पासून २०१९ पर्यंत मुख्य प्रशिक्षक, सात राष्ट्रीय विजेतेपदं. सुरुवातीला कडक प्रशिक्षकांची नक्कल करून बघितली आणि ती साफ फसली, हे त्या मोकळेपणाने सांगतात. तू प्रशिक्षक आहेस म्हणून हे मुद्दाम लिहितेय. आपणही आपल्या सरांची नक्कल करतच शिकवायला लागतो ना? तू नाही करत, मला माहीत आहे, पण तुला ते ठरवून टाळावं लागलं. केटलिनला त्यांनी हळूहळू खेळाकडे परत येऊ दिलं, आणि २०१८ मध्ये ती फ्लोअरची राष्ट्रीय विजेती झाली.

त्याच २०१८ चा संघाचा शेवटचा दिवस मी कितीदा पाहिला असेल. सेंट लुईसला अंतिम फेरी, गुणांत पुढे ओक्लाहोमाचा संघ, आणि यूसीएलएकडे उरलेला फक्त बीम. शेवटची चढली क्रिस्टीन पेंग-पेंग ली. कॅनडाची मुलगी. लंडन ऑलिंपिकच्या तोंडावर गुडघ्याचं लिगामेंट तुटलं आणि ऑलिंपिक हातातून गेलं. कॉलेजात आल्यावरही गुडघ्यापायी पहिली दोन वर्षं बसून काढली. हे तिचं सहावं वर्ष. थोड्या वेळापूर्वी बारवर तिने दहा घेतला होता. आता बीमवर तिने पाय रोवून उतरणं केलं, आणि पुन्हा दहा. यूसीएलए १९८.०७५, ओक्लाहोमा १९८.०३७५. एवढासा फरक! तुझ्या मुलीचा गुडघा ठणकतो म्हणालीस ना, तिला हा व्हिडिओ दाखव. गुडघ्याला बर्फ लावून बसव आणि दाखव.

काइला रॉसची तर वेगळीच गोष्ट. पंधराव्या वर्षी लंडनला ऑलिंपिक सुवर्ण, म्हणजे तिला मिळायचं काय राहिलं होतं? पण कॉलेजात येऊन तिने राष्ट्रीय विजेतेपदंही घेतली. चारही साधनांवर दहा घेतले. २०२० मध्ये करोनामुळे तिचा शेवटचा हंगाम अर्ध्यातच थांबला आणि निरोपाचा सामनासुद्धा मिळाला नाही. पुढे ती आर्कान्साच्या विद्यापीठात प्रशिक्षक झाली. तिथली मुख्य प्रशिक्षक जॉर्डिन वीबर, लंडनच्या त्याच संघातली तिची जोडीदार.

इथपर्यंत वाचून तुला वाटेल, मनीला सगळं गोड दिसतंय. नाही. याच विजेत्यांपैकी जेमी डँट्शर. सिडनी ऑलिंपिकला गेली, नंतर यूसीएलएसाठी राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. मुलींवर लैंगिक अत्याचार करणारा अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्याविरुद्ध २०१६ मध्ये आधी नाव न देता दावा लावणारी तीच, आणि पुढच्या वर्षी सिनेटच्या समितीपुढे उघड्या चेहऱ्याने बोलणारीही तीच. आपल्यावरही त्याने अत्याचार केला, हे काइला रॉसनेही २०१८ मध्ये सांगितलं. २००५ आणि २००८ ची सर्वसाधारण विजेती ताशा श्विकर्टनेही सांगितलं. यादी वाचताना एकेका नावाखाली हे सापडत गेलं आणि मी फोन उलटा ठेवला. मुलींना मान खाली घालून ऐकायला शिकवलं की काय होतं, ते त्या यादीत आहे. या बायका विशीच्या पुढे गेल्या, त्यांच्या आजूबाजूला विश्वासाच्या मैत्रिणी जमल्या, आणि मग त्या बोलल्या. हे कॉलेजमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण ती वर्षं मध्ये पडली नसती तर किती जणी बोलल्या असत्या, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

जॉर्डन चाइल्सचं तर ताजंच आहे. पॅरिसला फ्लोअरचं कांस्य तिला मिळालं आणि मग काढून घेतलं, कारण गुणांबद्दलची हरकत चार सेकंद उशिरा नोंदली असं क्रीडा लवादाने ठरवलं. चार सेकंद, वैजू! २०२३ मध्ये बार आणि फ्लोअर अशी दोन्ही राष्ट्रीय विजेतेपदं तिच्या नावावर होती. पॅरिसनंतर ती पुन्हा कॉलेजच्या संघात आली, आणि गेल्या महिन्यात फोर्टवर्थला बारची विजेती झाली. संघ दुसरा आला, ओक्लाहोमाच्या मागे. वय चोवीस. यंदा पॉलीत तिला समोरून पाहिलं. फ्लोअर संपवून ती धावत मैत्रिणींच्या घोळक्यात घुसली, आणि माझ्या शेजारची सात-आठ वर्षांची पोर खुर्चीवर उभी राहून तिच्या नाचाची नक्कल करत होती. त्या पोरीला अजून कुणी सांगितलेलं नाही की या खेळात वय होतं.

आता तुझ्या मुलीचं. तिला अमेरिकेत पाठव असं मी अजिबात सुचवत नाहीये. या संघात जागा मोजक्या असतात आणि त्यासाठी जगभरातून मुली येतात. मी एवढंच विचारतेय की दहावीची परीक्षा झाल्यावर तिला आठवड्यातून तीन दिवस तरी येऊ देशील का? स्पर्धेची सक्ती नको, वजनकाटा नको. उंची वाढली आहे तर बारवरचं तिचं फिरणं नव्याने बसवावं लागेल, लय बदलेल, हे तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतेस. उंच मुलीचा हँडस्टँड किती देखणा दिसतो, ते तिला आरशात दाखव. आणि तिच्या आईशी तू स्वतः बोल. आपल्या आयांशी कुणीच बोललं नव्हतं.

डॅनुशा फ्रान्सिसचं राहिलंच. २०१६ ची बीमची सहविजेती, हीसुद्धा यूसीएलएचीच. पुढे टोकियो ऑलिंपिकला जमैकाकडून गेली, आणि स्पर्धेच्या तोंडावर गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. तरी बारवर चढली. जमतील तेवढ्याच दोन-चार हालचाली केल्या, इतक्या नेटक्या की सफाईचे गुण मिळाले ९.०३३, आणि हसत खाली उतरली. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. हे तिला नक्की सांग.

डिसेंबरच्या शेवटी मी पुण्याला येतेय, तीन आठवडे. तुझ्या हॉलमध्ये यायचंय. तो जुना बीम अजून आहे का, ज्याचं कातडं एका कडेला फाटलं होतं? असला तर काढून ठेव. मला एकदा त्याच्यावर नुसतं चालून बघायचंय, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तू खाली हात धरून चाल.

तुझीच,
मनी

ता. क. तुझ्या मुलीचा बारवरचा व्हिडिओ पाठव. बाजूने काढ, समोरून नको, म्हणजे खांदे दिसतील.