‘ट्री’ म्हटल्याबद्दल नापास केल्याविषयी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहकसेवा विभाग

सागरी व्यवसायांसाठी इंग्रजी व फ्रेंच शिकवणाऱ्या तुमच्या ऑनलाइन वर्गाचे १८,५०० रुपये मी भरले आहेत. काल सायंकाळी तुमच्या कार्यालयाशी दूरध्वनीवर माझे पाचवे बोलणे झाले. सहावे होणार नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्या उच्चार चाचणीने मला दोनदा नापास केले, कारण मी तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’ आणि नऊला ‘नायनर’ म्हटले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नोव्हेंबर २००१ मध्ये स्वीकारलेल्या ‘स्टँडर्ड मरीन कम्युनिकेशन फ्रेजेस’मध्ये, म्हणजे जहाजांवरच्या संभाषणासाठी ठरवून दिलेल्या इंग्रजी वाक्यांच्या संग्रहात, हे आकडे असेच उच्चारायला सांगितले आहेत, कारण खरखरत्या व्हीएचएफ रेडिओवर ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ यांत सहज गल्लत होते. तुमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर या फ्रेजेसचे नाव ठळक छापलेले असल्याने त्या कोणीतरी उघडून पाहिल्या असतील, असे मी गृहीत धरले होते.

हे सारे मी काल सांगितल्यावर मला अकरा मिनिटे संगीत ऐकवण्यात आले आणि मग पर्यवेक्षक बाई आल्या. त्यांनी माझी मातृभाषा विचारली. मराठी, असे मी सांगताच त्या म्हणाल्या, “तेच तर, सर. भारतीयांना ‘थ’ जमत नाही. आमचा ४,५०० रुपयांचा उच्चार-सुधार पॅक घ्या.” ज्या भाषेत त, थ, ट आणि ठ ही चारही अक्षरे पहिलीतले पोर वेगवेगळी म्हणून दाखवते, ती माझी भाषा आहे, असे मी शक्य तितक्या शांतपणे सांगितले. “मग ‘थ्री’ म्हणून दाखवा ना, सर.” आणि नऊ वर्षे जहाजावर काढलेला मी, एक सेकंड ऑफिसर, डिचोलीतल्या स्वतःच्या घरात उभा राहून फोनवर तीनदा ‘थ्री’ म्हणालो. “बघा, प्रयत्न केला की जमतं!” असे म्हणून बाईंनी माझे अभिनंदन केले, निकाल मात्र नापासच राहिला. सोप्यावर बसलेल्या माझ्या वडिलांनी, जे स्वतः जन्मभर तारवटी होते, एवढेच विचारले, “ह्यांनी तारू पाहिलंय तरी काय?”

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी फ्रान्समधली घड्याळे तासभर मागे गेली आणि फ्रान्सच्या वेळेने चालणारा साडेसातचा वर्ग इथे साडेआठला भरू लागला. वेळापत्रकात साडेसातच छापलेले राहिले आणि माझ्या दोन गैरहजेऱ्या लागल्या. (जहाजावर घड्याळे पुढेमागे करण्याचे काम माझ्याकडेच असते, तेव्हा यातला थोडा दोष मी पदरात घेतो.)

फ्रेंचच्या सहा आठवड्यांत वेटरला हाक मारणे, वाइन निवडणे आणि हॉटेलात खोली मागणे झाले. ‘बाबोर’ आणि ‘त्रिबोर’, म्हणजे जहाजाची डावी व उजवी बाजू, हे शब्द एकदाही आले नाहीत. ‘मेडे’ आणि ‘पॅन-पॅन’ हे संकटाचे व तातडीचे संकेत ज्या भाषेवरून घडले, तिच्यातून ल आव्र बंदरात जहाजाला वाट दाखवणाऱ्या पायलटला मी क्रोइसाँचा भाव विचारावा, अशी तुमची अपेक्षा दिसते.

‘ट्री’ बरोबर आहे, हे पुन्हा लिहितो. पंधरा दिवसांत संपूर्ण शुल्क परत न आल्यास उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. २०१९ च्या कायद्यानुसार ती माझ्या राहत्या जिल्ह्यात करता येते. तुमचे नाव मी स्वतः चार सहकाऱ्यांना सुचवले होते. त्यांना काय सांगायचे, ते आता तुम्हीच कळवा, आणि काल रात्रीपासून तीनदा आलेली त्या उच्चार-सुधार पॅकची जाहिरात तेवढी बंद करा.

एक ग्राहक, डिचोली, गोवा