फिल्टरच्या डब्याला भोक पाडून गार हवा मिळत नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात गाड्यांचं पान येतं ते मी नेमानं वाचतो पण त्यात कार न् बुलेट सोडून दुसरं काय नसतं, ट्रकवाला पण पेपर विकत घेतो हो. उन्हाळा लागला की आमच्या लाईनीत एकच चर्चा, गाडी घाटात ओढत नाही, इंजिनला गार हवा द्या, आणि मग जो तो कटर घेऊन इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या फिल्टरच्या डब्यावर बसतो. त्याबद्दलच लिहितोय. लांबलं तर कापा, पण डब्याचं तेवढं ठेवा.

माझी दहा टायरची आहे, एमएच 10 पासिंग. हंगामात ऊस, बाकी वेळ हळद नाहीतर बेदाणा वाशीला टाकायचा आणि येताना पुण्यातनं लोखंड. जाताना बोगदा आहे म्हणून निभतं, येताना मात्र साताऱ्यातल्या खंडाळ्याकडनं खंबाटकी चढायला लागते. दोन वर्षांपूर्वी ऐन एप्रिलात गाडी अशी दम टाकायला लागली की दुसऱ्या गिअरच्या वर जाईचना, मागं काळा धूर, आणि मागचे गाडीवाले हॉर्न वाजवून वाजवून आमच्या सात पिढ्या उद्धरायला लागलेले.

हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याकडं घातली, नाव घेत नाही. तो म्हणाला, "दादा, गाडीचा श्वास कोंडलाय." फिल्टरच्या डब्याच्या झाकणाला बशीएवढं भोक पाडलं, आतला छोटा फिल्टर काढून माझ्या हातात दिला, म्हणे दोन-दोन कशाला. पंधराशे घेतले. खरं सांगतो, निघालो तेव्हा मला पण वाटलं गाडी बदलली, कारण टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची, शिट्टी पार केबिनमध्ये ऐकू यायला लागली, आणि आपलं डोकं असं की शिट्टी म्हणजे ताकद. घाटात गेलो तर तीच रड, तोच दुसरा गिअर, फक्त शिट्टी वाजवत.

आता बघा, गार हवेचं गणित खोटं नाही. हवा तापली की विरळ होते, म्हणजे तेवढ्याच जागेत कमी मावते, अंदाजे दर 3 डिग्रीला एक टक्का. हवा कमी आणि डिझेल तेवढंच म्हटल्यावर ते पुरतं जळत नाही, काळा धूर तो तिथला. पण झाकणाला भोक पाडलं की हवा कुठली येणार? बाजूला इंजिन धगधगतंय, रेडिएटरचा फॅन गरम वारा मागं फेकतोय, वर रस्त्याची धूळ. कंपनीनं नळी केबिनच्या मागनं वर टपापर्यंत नेलीय ती काय शोभेला नेलेली नाही, वर गार पण असते आणि धूळ पण कमी. आम्ही तीच वाट सोडून भट्टीच्या तोंडाला नाक लावलं.

वर्षभरानं गाडी ऑईल खायला लागली. मिरजेत एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे चाचा म्हणतात, त्यांनी फिल्टरच्या पुढची टर्बोकडं जाणारी नळी सोडली, आत बोट फिरवलं आणि माझ्यापुढं धरलं. हळदीसारखी बारीक माती. हंगामात शेतातल्या फुफाट्यात गाडी, भोकातनं धूळ सरळ डब्यात, फिल्टर दोन दिवसांत भरायचा, मग क्लीनर तो टायरवर आपटून झाडायचा न् वरनं फुल प्रेशरची हवा मारायचा, तसा कुठंतरी कागद फाटला, आणि आतला छोटा फिल्टर ज्या दिवसासाठी असतो तो तर माझ्या घरी माळ्यावर पडलेला. सिलिंडरच्या लायनरला चरे, पिस्टनच्या रिंगा संपलेल्या, टर्बोच्या पात्यांच्या कडा झिजलेल्या. दीड लाखाला बसलं पंधराशेचं काम.

आणि मूळ दुखणं काय होतं म्हणाल तर केबिन उचलली तेव्हा चाचांनी दाखवलं. वरनं येणारी नळी केबिनला असते आणि डबा चेसीला, दोघांच्या मध्ये घड्याघड्यांचं रबर असतं, भात्यासारखं, त्याला आम्ही बेलो म्हणतो. ते तडकून एका अंगाला बसलेलं. म्हणजे वरची गार हवा यायच्या आधीच इंजिनची गरम हवा त्या फटीतनं आत. नवीन रबर मिळायला आठ दिवस लागणार होते, तोवर झाकण नवं आणि बेलो जुनाच घालून एक ट्रिप मारली. चाचा म्हणाले, बघ तरी किती तापतंय, म्हणून फ्रीजला लावतात तसला वायरवाला थर्मामीटर घेतला, दीडशे रुपयाचा, वायर डब्याच्या तोंडात सोडली न् डबी डॅशबोर्डवर. बाहेर 39, खंबाटकीत निम्म्या चढाला 61. बेलो बदलल्यावर तसंच ऊन, तोच घाट, 44 च्या वर गेलं नाही. गाडी तिसऱ्यावर चढली.

तरी सगळं श्रेय बेलोला देत नाही. टर्बोत दाबल्यावर हवा शंभर-सव्वाशे डिग्रीच्या पुढं जाते, ती गार करायचं काम इंटरकूलरचं, आणि आमच्या इंटरकूलरच्या जाळीत पाचटाची कुसळं आणि चिलटं एवढी अडकलेली की पलीकडचा उजेड दिसत नव्हता. ते पण त्याच वेळी धुतलं, हळू प्रेशरनं, आतल्या बाजूनं बाहेर. जोरात मारलं तर पत्र्या मुडपतात.

काहीजण दुसरं टोक गाठतात, नळी वाकवून पुढं बंपरजवळ आणतात, पुढनं वारा भरतो म्हणून. वारा भरतो तसं पाणी पण भरतं की. 2019 चा पूर बघितलेल्या सांगलीकराला हे वेगळं सांगायला नको, चाकाच्या वर पाणी आलं की नळीचं तोंड बुडालं, पाणी काय हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकून गाडी तिथंच बसते. शिवाय पासिंगला अडचण ती वेगळी, कंपनीनं दिलंय त्यात असले फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला चालत नाहीत. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस सिक्स, म्हणजे धुराच्या कडक नियमाच्या गाड्यांना तर बऱ्याच ठिकाणी नळीतच हवा मोजायचा सेन्सर असतो, तिथं कटर लावला की डॅशबोर्डवर दिवाळी.

म्हणून विनंती एवढीच की एखाद्या रविवारी आपल्याच वालचंद कॉलेजातल्या मेकॅनिकलच्या सरांकडनं यावर लिहून घ्या आणि नळी कुठनं कुठं जाते त्याचं चित्र मोठं छापा. तेवढं पान आम्ही पेठ नाक्याच्या चहाच्या टपरीवर चिकटवू. आणि छापाल तेव्हा मार्चच्या आत छापा, एप्रिलात कटर फिरून झालेला असतो.

आपला एक वाचक,
ट्रकमालक (ड्रायव्हर पण मीच), कवठेमहांकाळ