दोन कुत्रे आणि एक 'वेळ'

कंपाला

प्रिय मधू,

सहा महिने पत्र नाही, याबद्दलच्या तुझ्या सगळ्या शिव्या मान्य. मध्यंतरी मलेरिया येऊन गेला. आता ठीक आहे. आज लिहायला बसलो तो वसतिगृहातल्या आपल्या त्या भांडणामुळे: 'तो वेळ' की 'ती वेळ'. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतास, आणि नाडकर्णीने दोघेही बरोबर ठरवून आपल्या भांडणाची मजाच घालवली होती.

सर्वांनी मिळून घडवायच्या त्या ऑनलाइन कोशात मी वर्षभर इथल्या, म्हणजे युगांडातल्या, लुगांडा भाषेतली नामे भरतो आहे. आपली लिंगे तीन. इथे एकवचन-अनेकवचनाच्या जोड्या धरून वर्ग दहा, आणि वर्ग ओळखायचा तो शब्दाच्या सुरुवातीवरून. 'ओमुन्तु' म्हणजे माणूस. त्याच मुळाला दुसरा उपसर्ग लावून 'एकिन्तु' केले की वस्तू, 'ओबुन्तु' केले की माणुसकी. अरबी 'किताब' स्वाहिलीमार्गे इथे पोचली, तेव्हा लोकांनी तिच्यातल्या 'कि'लाच उपसर्ग मानले: एक असेल तर 'एकिताबो', अनेक असतील तर 'एबिताबो'!

घोटाळा झाला तो 'एम्ब्वा'चा, म्हणजे कुत्र्याचा. त्याचे रूप दोन्ही वचनांत तेच राहते, म्हणून मी शहाण्याने 'अनेकवचन नाही' असा शेरा मारला, आणि 'एन्ते' म्हणजे गाय, तिच्यासह त्या वर्गातल्या कित्येक नामांना तोच चिकटवला. गेल्या रविवारी शेजारच्या आजी कुंपणाशी येऊन 'एम्ब्वा झान्गे' दिसली का, म्हणून विचारू लागल्या. मी गल्लीभर हिंडून एक कुत्रा धरून आणला, तर त्या माझ्यावरच डाफरल्या, कारण हरवले होते दोन. एकच असता तर त्या 'यान्गे' म्हणाल्या असत्या; अनेकवचन 'माझे' या शब्दात होते आणि मी ते कुत्र्यात शोधत होतो.

तेव्हापासून रोज रात्री एकेक नोंद उघडून शेरा खोडतो आहे. पण वर्षभरात ज्यांनी तो वाचला, त्यांचे काय? मराठी कोशात एखाद्या परक्याने 'वेळ'पुढे नुसते 'पु.' लिहून ठेवले असते, तर तू त्याला सोडले असतेस का? खरे सांग, समजूत घालू नकोस.

वहिनींचे ऑपरेशन नीट पार पडल्याचे दादाकडून कळले. घराचे काम संपले का?

तुझा,
अरविंद

ता. क. दुसरा कुत्रा त्याच संध्याकाळी आपणहून परत आला. आजी अजून माझ्याशी बोलत नाहीत.